मेकॅनिकल कीबोर्ड जुळवताना: आधी काय घ्यायचं आणि स्विच कधी निवडायचा

या छंदातली माझी पहिली खरेदी म्हणजे ९० स्विच, म्हणजे प्रत्येक बटणाखाली दाबला जाणारा तो भाग. ते बसवायचा सर्किट बोर्ड म्हणजे पीसीबी नव्हता, केस नव्हती, बटणांच्या टोप्या म्हणजे कीकॅप्स नव्हत्या. एका व्हिडिओत त्या स्विचचा आवाज ऐकला, जीव जडला आणि मागवून मोकळा झालो. दीड महिन्याने ६८ बटणांचा बोर्ड हातात आला तेव्हा लक्षात आलं की माझ्या स्विचना पाच पाय आहेत आणि बोर्डावर भोकं तीनच पायांची. मग एका संध्याकाळी बसून नेलकटरने प्लास्टिकचे १३६ पाय तोडले. उरलेले २२ स्विच अजून खणात आहेत.

इथे सगळ्या गप्पा स्विचभोवती फिरतात. पण नीट बघितलं तर स्विच हाच सगळ्यात सहज बदलता येणारा भाग आहे. आकार, पीसीबी आणि केस यांत चूक झाली की ती गळ्यात पडते. म्हणून खालचा क्रम तसा लावला आहे: जे नंतर बदलता येत नाही ते आधी.

१. आकार आणि मांडणी ठरवा

आठवडाभर तुमच्या सध्याच्या कीबोर्डवर कुठली बटणं खरोखर वापरता ते बघा. आकडेमोड रोजची असेल तर उजवीकडचा अंकांचा भाग सोडू नका, म्हणजे १०४ बटणांचा पूर्ण आकार घ्या. अंकांचा भाग नको असेल तर ८७ बटणांचा टीकेएल. त्याहून लहान ७५ टक्के: एफ-ओळ (एफ१ ते एफ१२) आणि बाणांची बटणं असतात, पण सगळी खेटून बसवलेली. ६५ टक्क्यांत एफ-ओळ जाते, बाण राहतात. ६० टक्क्यांत म्हणजे ६१ बटणांत बाणही जातात आणि एफएन दाबून दुसऱ्या थरातून काढावे लागतात.

६० टक्के फोटोत देखणा दिसतो. पण दिवसभर कागदपत्रं किंवा कोड लिहिणाऱ्याला बाणांची बटणं नसणं पहिल्याच दिवशी खुपतं. नव्या माणसाने ६५ किंवा ७५ पासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. ६० च्या बाजूने एकच मुद्दा वजनदार आहे: त्या आकारात बऱ्याच कंपन्यांच्या केस आणि पीसीबी एकमेकांना बसतात. बाकी आकारांत असं गृहीत धरू नका. ६५ टक्क्यांचा कुठलाही पीसीबी ६५ टक्क्यांच्या कुठल्याही केसमध्ये बसत नाही. स्क्रूची भोकं आणि यूएसबीची जागा प्रत्येकाची वेगळी असते.

दुसरा प्रश्न एएनएसआय की आयएसओ. एंटर आडवा असेल तर एएनएसआय, उलट्या एल सारखा उंच असेल आणि डावा शिफ्ट आखूड असेल तर आयएसओ. हात ज्याला सरावलाय तेच घ्या आणि मग पीसीबी, प्लेट, कीकॅप्स तिन्ही त्याच जातीचे आहेत ना ते तपासा.

इथे एक माप शिकून ठेवा, पुढे पदोपदी लागेल. साध्या अक्षराचं बटण म्हणजे १ यू, आणि एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्याच्या मध्यापर्यंतचं अंतर १९.०५ मिलिमीटर. बाकी बटणांची रुंदी याच्या पटीत सांगतात. नेहमीचा स्पेसबार ६.२५ यू असतो, काही बोर्डांवर ७ यू.

२. पीसीबी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

पहिला बोर्ड हॉट-स्वॅप घ्या. त्यात स्विच नुसता दाबून बसवता येतो आणि उपसून काढता येतो, सोल्डरिंगची गरज नाही. सोल्डरिंग येत असेल तरीही पहिला हॉट-स्वॅपच घ्या, कारण तुमची आवड काय आहे हे तुम्हाला अजून माहीत नाही. मात्र स्विचचे पाय ज्यात रुततात ते सॉकेट फार नाजूक काम आहे. नेहमी वापरल्या जाणाऱ्या सॉकेटची क्षमता साधारण १०० वेळा घाल-काढ करण्याएवढी धरतात, आणि कोणी तिरका जोर लावला तर ते पहिल्याच वेळी बोर्डावरून सुटतं.

मग पाय मोजा. प्रत्येक स्विचला धातूचे दोन पाय आणि मधला जाड खुंट असतो. त्याला तीन पायांचा म्हणतात. पाच पायांच्या स्विचला बाजूला प्लास्टिकचे आणखी दोन असतात, सरळ बसण्यासाठी. पाच पायांचा पीसीबी दोन्ही प्रकार घेतो. तीन पायांच्या पीसीबीवर पाच पायांचा स्विच बसवायचा तर नेलकटर आहेच.

आता सगळ्यात महागात पडणारी गफलत. 'मेकॅनिकल' म्हणून विकले जाणारे सगळे स्विच एका जातीचे नसतात. नेहमीचे म्हणजे एमएक्स पद्धतीचे. त्यांत धातूच्या दोन पात्या एकमेकांना टेकतात. ऑप्टिकल स्विचमध्ये प्रकाशकिरण अडतो किंवा मोकळा होतो. चुंबकीय म्हणजे हॉल इफेक्ट स्विचमध्ये दांडीत, म्हणजे दाबल्यावर खाली जाणाऱ्या भागात, चुंबक असतो आणि बोर्डावरचा सेन्सर त्याचं अंतर मोजतो. वरून हे तिन्ही जवळपास सारखे दिसतात, कीकॅपही बहुधा तीच बसते, पण एकाचा पीसीबी दुसऱ्याला चालत नाही. बुटक्या, म्हणजे लो-प्रोफाइल स्विचची तर आणखी वेगळी पंचाईत: ते एमएक्सच्या बोर्डावर बसत नाहीतच, शिवाय एका कंपनीचे दुसरीच्या बोर्डावरही सहसा बसत नाहीत. हा लेख एमएक्स पद्धतीपुरता आहे.

एलईडीची दिशाही बघून घ्या. दिवा स्विचच्या वरच्या बाजूला, म्हणजे स्क्रीनकडे असेल, तर चेरी प्रोफाइलच्या कीकॅप्स मधल्या ओळीत खाली दाबताना स्विचच्या आवरणाला आतून आपटू शकतात. तळ लागण्याआधीच एक पोकळ टक्कर जाणवते. दिवा तुमच्याकडे तोंड करून असेल तर हा त्रास नाही. अक्षरांतून उजेड दिसण्याचा हट्ट नसेल तर दुसरा प्रकार घ्या.

फर्मवेअर, म्हणजे बोर्डाच्या चिपमधला प्रोग्राम, क्यूएमके आणि व्हायावर चालतंय का, हे खरेदीच्या आधी विचारा. चालत असेल तर कुठलं बटण काय करेल, कुठल्या थरात काय असेल, हे तुम्ही स्वतः ठरवू शकता आणि ते बोर्डातच साठतं, म्हणून दुसऱ्या संगणकाला जोडलं तरी कायम राहतं. लहान आकाराच्या बोर्डाला ही सोय जवळपास अत्यावश्यक आहे. बिनतारी बोर्डांसाठी झेडएमके नावाचं वेगळं फर्मवेअर आहे.

एक बारीकशी गोष्ट. काही पीसीबींवर यूएसबी-सी सॉकेट असतं, पण त्यामागचे दोन छोटे रेझिस्टर लावलेले नसतात. असा बोर्ड दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने चालूच होत नाही. बोर्ड मेलाय असं समजून परत पाठवण्याआधी एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेली केबल लावून बघा.

३. केस आणि प्लेट

केस म्हणजे खालचा डबा, प्लेट म्हणजे स्विच ज्यात अडकतात ती चौकटी जाळी. प्लेट पितळ किंवा अॅल्युमिनियमची असेल तर टाइप करताना कडक लागते, पॉलिकार्बोनेट किंवा पीओएम अशा प्लास्टिकची असेल तर थोडी लवते आणि आवाज खोल येतो. ट्रे माउंटमध्ये पीसीबी थेट केसच्या तळाला स्क्रूने बसतो, म्हणून स्क्रूजवळची बटणं कडक आणि बाकीची सैल वाटू शकतात. गॅस्केट माउंटमध्ये प्लेट रबर किंवा फोमच्या पट्ट्यांवर तरंगते. आजकाल गॅस्केट म्हटलं की लोक डोळे झाकून घेतात. फरक असतो, पण पहिल्या बोर्डावर तो स्टॅबिलायझरच्या खडखडाटाखाली पार बुडून जातो. त्याबद्दल पुढे.

४. स्विच

एमएक्स हा साचा जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८० च्या दशकात आणला. पेटंटची मुदत २०१४ च्या सुमारास संपली आणि गेटरॉन, केल अशा चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे, पण आपापल्या करामतींचे स्विच काढले. म्हणून आज दुकानात शेकडो नावं दिसतात. घाबरू नका, पोटात शिरलं की प्रकार तीनच आहेत.

लिनिअर: दांडी सरळ खाली, मध्ये अडथळा नाही. चेरीचा लाल हा याचा नमुना. टॅक्टाइल: खाली जाताना एक उंचवटा बोटाला जाणवतो. तपकिरी हा याचा नमुना, पण त्याचा उंचवटा इतका भित्रा आहे की त्यावरून टॅक्टाइलबद्दल मत बनवू नका. क्लिकी: उंचवटा आणि वर 'टिक' असा आवाज. निळा हा नमुना. क्लिकीबद्दल एवढंच सांगतो की तो आवाज तुम्हाला आवडणार आहे, खोलीतल्या दुसऱ्या माणसाला नाही. मीटिंगमध्ये माइक चालू असेल तर पलीकडच्यांनाही नाही.

रंगाच्या नादी मात्र लागू नका. रंगांचा अर्थ चेरीपुरता पक्का आहे. दुसऱ्या कंपनीचा निळा लिनिअर असू शकतो आणि जांभळा काहीही. वर्णनात लिनिअर किंवा टॅक्टाइल हा शब्द शोधा.

आता आकडे. चेरीच्या लाल स्विचला नोंद होण्यासाठी ४५ सेंटिन्यूटन जोर लागतो, काळ्याला ६०. एक ग्रॅमचा भार म्हणजे जवळपास एक सेंटिन्यूटन, तेव्हा दोन्ही एककं सारखीच वाचली तरी चालेल. लाल स्विचची दांडी २ मिलिमीटर खाली गेली की बटण नोंदतं आणि ४ मिलिमीटरवर तळ लागतो. घोडं अडतं ते पुढे: काही विक्रेते नोंदीचा जोर छापतात, काही तळाचा. '६३ ग्रॅम' असं नुसतं लिहिलेलं असेल तर ते बहुधा तळाचं असतं आणि तो स्विच ६० च्या काळ्यापेक्षा बराच हलका निघतो. दोन स्विचची तुलना करताना दोन्हीकडे एकच आकडा आहे ना, ते बघा.

'लाँग पोल' हा शब्द बराच दिसेल. यात दांडीचा मधला खुंट लांब असतो, तो आधी तळाला टेकतो, म्हणून प्रवास ४ ऐवजी साडेतीन मिलिमीटरच्या आसपास येतो आणि आवाज टणक, कोरडा होतो. असा 'टॉक' नको असेल तर यापासून लांब राहा. आवरण नायलॉनचं असेल तर आवाज जरा जाडसर, पॉलिकार्बोनेटचं असेल तर बारीक. पण आवाजात केस, प्लेट, कीकॅप्स आणि टेबल हे सगळे वाटेकरी असतात. व्हिडिओतला आवाज त्या माणसाच्या बोर्डाचा आणि त्याच्या माइकचा असतो. माझ्या ९० स्विचनी मला हे शिकवलं: तेच स्विच माझ्या बोर्डावर टपरीच्या पत्र्यावरच्या पावसासारखे वाजले.

मग निवडायचं कसं? नऊ स्विचची ती छोटी चाचणीची पट्टी मिळते, तिचा उपयोग मर्यादित आहे. एका बोटाने स्विच दाबणं आणि दहा बोटांनी टाइप करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तर्जनीला हलका वाटलेला स्विच करंगळीला दुपारनंतर जड होतो. त्यापेक्षा हे करा: हॉट-स्वॅप बोर्ड असल्याने दोन-तीन प्रकारचे दहा-दहाच स्विच मागवा. ए, एस, डी, एफ आणि त्यांच्या वरच्या ओळीत एक प्रकार, जे, के, एल आणि त्यांच्या वरच्या ओळीत दुसरा. तीन दिवस नेहमीचं काम करा. चौथ्या दिवशी अदलाबदल करा. कुठल्या हाताच्या चुका वाढतात, कुठला हात दमतो, हे आपोआप कळतं. मी अशाच तऱ्हेने जड टॅक्टाइलचं वेड सोडलं. पहिल्या तासात ते फार भारी वाटतात.

अगदीच ठरत नसेल तर ५० ग्रॅमच्या आसपास नोंद होणारा, कारखान्यातूनच ल्यूब, म्हणजे वंगण, लावून आलेला लिनिअर घ्या. गेटरॉनचा पिवळा वर्षानुवर्षं नवख्यांना सुचवला जातो तो याच कारणाने: जोर मधला, चाल गुळगुळीत, मिरवण्यासारखं काही नाही.

घेताना बोर्डावरच्या बटणांपेक्षा चार-पाच जास्त घ्या. एखाद्याचा पाय मोडतोच.

५. स्टॅबिलायझर

स्पेसबार, एंटर, शिफ्ट, बॅकस्पेस ही लांब बटणं एका टोकाला दाबली तरी सपाट खाली जावीत म्हणून त्यांच्याखाली तारेची एक जोडणी असते. नवा बोर्ड खडखडतो तो जवळपास नेहमी इथे. तुम्ही कितीही उंची स्विच घाला, स्पेसबार डब्यातल्या खिळ्यांसारखा वाजत असेल तर बोर्ड भिकारच वाटतो. स्विचवर घालायचे ठरवलेले पैसे थोडे इकडे वळवा.

पीसीबीवर स्क्रूने बसणारे घ्या, बोर्डाला भोकं असतील तर. नुसते खटक्याने बसणारे कीकॅप ओढताना निघून येऊ शकतात. प्लेटमध्ये बसणारे तिसरे, ते प्लेटच त्यांच्यासाठी कापलेली असेल तर. तार बसवण्याआधी काचेवर ठेवा आणि एका टोकाला टिचकी मारा. दुसरं टोक उचललं जात असेल तर तार वाकडी आहे, हाताने हळूहळू सरळ करा. मग तारेच्या टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीस सढळ हाताने. कीबोर्डच्या जगात सढळ हा शब्द वापरायची ही एकमेव जागा.

६. कीकॅप्स

एबीएस प्लास्टिक काही महिन्यांत बोटांखाली चकाकू लागतं. पीबीटी जास्त टिकतं, पोत खरखरीत राहतो, पण लांब स्पेसबार कधीकधी वाकडा येतो. आल्याआल्या सपाट जागी ठेवून बघा. अक्षरं दोन प्लास्टिकमध्ये ओतलेली असतील, म्हणजे डबलशॉट, तर ती कधीच पुसत नाहीत. रंग मुरवून केलेली, म्हणजे डाय-सब, हीसुद्धा टिकतात, पण त्या पद्धतीत गडद कॅपवर फिकं अक्षर सहसा मिळत नाही.

प्रोफाइल म्हणजे कॅपची उंची आणि उतार. चेरी बुटकी, ओईएम थोडी उंच, एसए खूप उंच आणि गोलसर. डीएसए आणि एक्सडीएमध्ये सगळ्या ओळी एकाच उंचीच्या, त्यामुळे बटणांची जागा बदलून खेळायला बऱ्या.

सापळा इथे एकच आहे पण मोठा: संचात तुमच्या बोर्डाला लागणाऱ्या लांबीची सगळी बटणं आहेत का? ६५ आणि ७५ टक्क्यांच्या बोर्डांवर उजवा शिफ्ट बहुधा १.७५ यू असतो, पूर्ण आकाराच्या बोर्डावर २.७५. स्पेसबारच्या उजवीकडची बटणं १ यूची असू शकतात, नेहमीच्या संचात ती १.२५ ची असतात. बोर्डाच्या फोटोवर पेन्सिलने प्रत्येक बटणाची रुंदी लिहा आणि संचाच्या यादीशी एकेक जुळवा. मी हे केलं नाही. माझ्या पहिल्या सुंदर निळ्या संचात उजवा शिफ्ट महिनाभर दुसऱ्याच राखाडी संचातला होता.

आगाऊ पैसे घेऊन मग उत्पादन करणारी सामूहिक खरेदीही चालते, तिला ग्रुप बाय म्हणतात. कीकॅप्सच्या जगात ती फार. वस्तू यायला कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक लागतं, आणि विक्रेता मध्येच बुडाला तर पैसेही जातात. पहिल्या कीबोर्डसाठी फक्त तयार साठ्यातलं घ्या.

७. हत्यारं आणि ल्यूब

- तारेचा कीकॅप पुलर. प्लास्टिकचा गोल पुलर कॅपच्या कडा ओरबाडतो.
- स्विच पुलर. हॉट-स्वॅप बोर्डासोबत बहुधा येतो.
- बारीक टोकाचा चिमटा.
- लहान स्क्रूड्रायव्हर.
- ल्यूब करणार असाल तर चित्रकलेचा अगदी बारीक ब्रश, स्विच उघडायचं साधन आणि ग्रीस.

लिनिअरसाठी क्रायटॉक्स २०५ जी-शून्य हे नाव सगळीकडे ऐकाल. टॅक्टाइलला त्याहून पातळ, ट्रायबोसिस ३२०३ किंवा ३२०४. टॅक्टाइलच्या दांडीला पुढे दोन पायांसारखे उंचवटे असतात, तिथे ग्रीस लागलं की उंचवटा मवाळ होतो. क्लिकीची क्लिक करणारी जागा अजिबात माखू नका, क्लिकच मरतो. शिवणयंत्राचं तेल, गंज सोडवणारा स्प्रे, स्वयंपाकाचं तेल यातलं काहीही वापरू नका. काही प्लास्टिकना ते चिरा पाडतं आणि उरलेलं धूळ धरून बसतं.

थर इतका पातळ की प्रकाशात तिरकं धरल्यावर फक्त ओलसर चमक दिसावी. माझ्या पहिल्या ६८ स्विचमध्ये मी घडाभर ओतलं होतं. बटणं चिखलातून वर यावीत तशी वर येत होती, आणि सगळे पुन्हा उघडून पुसावे लागले. आधी पाच करा, बोर्डावर लावा, रात्रभर थांबा, मग पुढचे. ग्रीस लावताना सिगारेट ओढू नका आणि शेजारी सोल्डरिंग आयर्न तापवू नका, कारण हे ग्रीस फार तापलं तर निघणारा धूर विषारी असतो. काम झाल्यावर हात धुवा.

कारखान्यातून ल्यूब होऊन आलेले स्विच असतील तर हा सगळा उद्योग टाळला तरी चालतं. स्टॅबिलायझरचा नाही टाळता येणार.

८. जोडणी

पीसीबी मोकळा असतानाच संगणकाला जोडा. ब्राउझरमध्ये कीबोर्ड तपासणारं एखादं पान उघडा आणि प्रत्येक स्विचच्या जागेच्या दोन धातूच्या संपर्कांना चिमट्याने एकत्र टेकवत जा. प्रत्येक अक्षर उमटलं पाहिजे. हे दहा मिनिटांचं काम आहे, आणि सगळं जोडल्यावर बोर्ड सदोष निघाला तर विक्रेता आधी तुमच्याकडेच बोट दाखवतो. माझ्या बाबतीत दाखवलं होतं.

मग केबल काढून स्टॅबिलायझर बसवा, कारण नंतर स्विच आणि प्लेट वाटेत येतात. त्यावर प्लेट. चार कोपऱ्यांत चार स्विच, म्हणजे प्लेट आणि पीसीबी एका रेषेत येतात. नंतर मधले. स्विच घालण्याआधी प्रत्येकाचे धातूचे दोन्ही पाय सरळ आहेत ना ते बघा आणि दाबताना दुसऱ्या हाताचं बोट मागून सॉकेटला टेकवून ठेवा. केसमध्ये बसवल्यावर स्विच घालायला जाऊ नका, तिथे मागून आधार देता येत नाही.

केस बंद करण्याआधी पुन्हा एकदा सगळी बटणं तपासा. एखादं उमटत नसेल तर दहापैकी नऊ वेळा त्या स्विचचा पाय आत जाताना दुमडलेला असतो. उपसा, चिमट्याने सरळ करा, पुन्हा घाला. तरीही नाही उमटलं तर दुसरा स्विच घालून बघा. त्यानेही नाही तर सॉकेट सुटलंय का ते मागून बघा, आणि सुटलं असेल तर सोल्डरिंग येणाऱ्या कोणाला तरी गाठा.